शाळेचं वीजबिल कुणी भरायचं?

नमस्कार श्रोतेहो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक येतो तेव्हा गावात कोण कौतुक असतं! लोकवर्गणी जमते, सरपंच फीत कापतात, फोटो निघतो. रखडतं ते पुढे, आणि बहुतेकदा विजेच्या बिलापाशी.

हिशेब बघा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेचा. राहिलेल्या पैशांत खडू, हजेरीपत्रकं, नळाची तोटी, वाऱ्यानं सरकलेली कौलं, आणि वीजही. बिल थकलं की वायरमन येऊन जोडणी तोडतो. त्याचाही नाइलाज असतो. मग गुरुजी पदरचे पैसे भरतात, नाहीतर संगणकावर फुलाफुलांचं कापड पडतं ते खंडेनवमीलाच निघतं. हळदकुंकू मात्र न चुकता!

वीज असली तरी शिकवायला माणूस मोकळा हवा. साठपर्यंत पटाला शिक्षक दोन आणि वर्ग पहिली ते चौथी. एक गुरुजी पोषण आहाराची नाहीतर यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती भरायला रेंज शोधत पटांगणात उभे. दुसऱ्यांच्या पुढ्यात चारही वर्ग. एका पडद्याभोवती सगळी पोरं, माऊस एकाच्या हातात. मागची पाय उंचावून बघतात, नाहीतर एकमेकांना चिमटे काढतात. त्यांचं काय चुकलं?

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, २०१७ पासून अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी अशाच कामामुळे २०२० साली जगभर पोचले. धडपडे शिक्षक आपल्याकडे कमी नाहीत. पण त्यांची बदली झाली की पासवर्ड, कुठली वायर कुठे लावायची, दुरुस्तीवाल्याचा नंबर, सगळं त्यांच्याबरोबर जातं. चार ओळी लिहून ठेवण्याची पद्धतच नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं अशा नोंदींची वही आजच घालावी.

राहिलं वीजबिल. काही ग्रामपंचायतींनी ते आपल्याकडे घेतलंय. तुमच्याकडे तसं नसेल, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढा. आणि ठरावात रक्कम लिहून घ्या, नुसतं ‘सहकार्य करण्यात येईल’ एवढ्यावर उठू नका.

नमस्कार.