शत्रूचा चेहरा

नमस्कार श्रोतेहो.

1965 साली दक्षिण कोरियात ली मान-ही या दिग्दर्शकाला अटक झाली. गुन्हा काय, तर त्यांच्या सिनेमातला उत्तर कोरियाचा अधिकारी माणुसकीनं वागतो. बंदिवान बायकांची अब्रू वाचवण्यासाठी तो चिनी सैनिकांवर गोळ्या झाडतो. कम्युनिस्टविरोधी कायद्याला एवढं पुरलं. पुढे काटछाट करून, नाव बदलून तो सिनेमा दाखवला गेला.

कोरियन हेरपट पाहताना मला हा प्रसंग हटकून आठवतो. कारण तिथला शत्रू परका नाही. तीच भाषा, तीच आडनावं, कधी कधी सख्खा भाऊ. तरीही पडद्यावर त्याला माणसाचा चेहरा मिळायला फार वर्षं जावी लागली.

1999 मध्ये ‘शिरी’ आला आणि साठ लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. शिरी हा कोरियातल्या ओढ्यांमधला छोटासा मासा. त्याला कुठली आली सीमा? त्या सिनेमात चोई मिन-सिक उत्तरेच्या कमांडोच्या भूमिकेत आहे. तिकडे माणसं उपाशी मरताहेत आणि तुम्ही इथे खाऊनपिऊन सुखात आहात, असं तो दक्षिणेच्या गुप्तहेराला संतापून ऐकवतो. नव्वदच्या दशकातला उत्तरेतला दुष्काळ तेव्हा ताजा होता. खलनायकाच्या तोंडून आलेलं ते दुःख खोटं नव्हतं.

पण त्यातल्या नायिकेचं काय? किम युन-जिननं साकारलेली ही उत्तरेची हेर शस्त्रक्रियेनं चेहरा बदलते, दक्षिणेत माशांचं दुकान चालवते, प्रेमात पडते आणि शेवटी प्रियकराच्याच गोळीनं मरते. भूमिका मोठी आहे, ताकदीची आहे. मात्र स्वतःच्या चेहऱ्यानं जगण्याची मुभा तिला नाही. हे मला अजून सलतं.

पुढच्याच वर्षी आलेला ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ तसा हेरपट नव्हे, सीमेवरच्या खुनाच्या तपासाची ती गोष्ट आहे. मूळ कादंबरीतला तपास अधिकारी पुरुष होता. सिनेमात ती स्त्री झाली: स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली, ली यंग-एनं केलेली सोफी. तिचा बाप उत्तरेचा युद्धकैदी, दोन्ही कोरियांना नाकारणारा. अशी माणसं खरोखर होती, आणि त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोहोचते. 1953 मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर देखरेख करायला भारतीय फौज कोरियात गेली होती. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. कुठल्याच बाजूला न गेलेले 76 कोरियन कैदी त्या फौजेबरोबर भारतात आले, त्यातले बरेच जण पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. उत्तर आणि दक्षिण यांच्यापलीकडचा हा तिसरा कोरियन माणूस सोफीच्या रूपानं पडद्यावर आला, याचं मला फार मोल वाटतं.

2018 चा ‘द स्पाय गॉन नॉर्थ’ एका खऱ्या गुप्तहेराच्या आयुष्यावर बेतलेला. उत्तरेचा अधिकारी झालेला ली सुंग-मिन आपल्या माणसांच्या भुकेनं आतून पोखरलेला आहे, आणि तो ते बहुतेक डोळ्यांनीच सांगतो. उत्तरेच्या माणसाला याहून प्रामाणिक चेहरा मी पाहिलेला नाही. पण लक्षात राहील अशी एकही मोठी स्त्री भूमिका त्यात नाही. एकानं चेहरा कमावला, तोवर दुसरी पडद्यावरून नाहीशी झाली.

आणि एक गोष्ट. हे सगळे उत्तरेचे लोक उभे करणारे नट दक्षिणेचेच. उत्तरेतून आलेली तीस हजारांहून अधिक माणसं आज दक्षिणेत राहतात. नोकरी मागताना, दुकानात बोलताना त्यांतले अनेक जण आपली बोली दडवतात, कारण ती ऐकली की समोरच्याची नजर बदलते. त्यांच्यातल्याच काहींना मग बोलावणं येतं: आमच्या नटांना तुमचे उच्चार शिकवा. नट शिकतो, टाळ्या मिळवतो.

मला तो शिकवणारा पडद्यावर पाहायचा आहे. तो, किंवा ती. मुख्य भूमिकेत, स्वतःच्या बोलीत बोलताना.

नमस्कार.