जेम्स हेटफिल्डचा उजवा हात

नमस्कार श्रोतेहो.

हेवी मेटल म्हटलं की पुष्कळांना आधी आठवतो तो कल्लोळ. मग आठवतात वेगवान सोलो, गिटारच्या दांडीवर सरसर धावणारी बोटं. ती बोटं डाव्या हाताची. मला आज बोलायचंय उजव्या हाताविषयी. मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचा गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याच्या उजव्या हाताविषयी.

सतार ऐकणाऱ्यांना 'दा' आणि 'रा' ठाऊक असतात. नखीचा आघात एकदा एका दिशेनं, एकदा उलट. गिटारवरही वेगात वाजवायचं तर हात खाली-वर, खाली-वर असाच चालवतात, त्यात निम्मे कष्ट वाचतात. हेटफिल्ड ते वाचवत नाही. १९८६ सालचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं ऐका. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, एकेका ठोक्यात दोन आघात, म्हणजे सेकंदाला सातेक आघात, आणि मुख्य तुकड्यातला प्रत्येक आघात वरून खाली. नुसतं 'दा दा दा दा', 'रा' नाहीच! वर जाणारा आघात आधी बारीक तारेला लागतो, हलका पडतो. खाली येणारे सगळे सारख्या वजनाचे. शिवाय तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या घोडीपाशी, तारांवर टेकवलेली, त्यामुळे सूर लांबत नाही, दणका होऊन पडतो. गिटार शिकणाऱ्यांनी हे अर्धा मिनिट करून पाहावं. कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. आणि हा माणूस त्यावर गातो, गाण्याची चाल हाताच्या चालीहून वेगळी ठेवून.

हे त्याला कुठून जमलं? त्याचं उत्तर त्यानंच दिलंय आणि ते मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी, वयाच्या नवव्या वर्षी त्याला पियानोच्या शिकवणीला घातलं होतं. तेव्हा नकोसं वाटलेलं ते शिक्षण. पण डावा हात एक करतोय, उजवा दुसरंच, आणि तोंडानं गाणंही चाललंय, याची सवय तिथंच लागली, असं तो सांगतो. आई ऑपेरा गाणारी. घरातल्या धर्मश्रद्धेत औषधोपचार बसत नव्हते. कर्करोग झाला तरी आईनं उपचार घेतले नाहीत. ती गेली तेव्हा जेम्स सोळा वर्षांचा होता.

हा उजवा हात कधी कधी गिटारशिवाय रिकामाही राहिला. १९८६ मध्ये स्केटबोर्डवरून पडून मनगट मोडलं. मग ८ ऑगस्ट १९९२, मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम. 'फेड टू ब्लॅक' चालू असताना तो आतषबाजीच्या ज्वाळेत सापडला. सर्वांत जास्त भाजला तो डावा हात. अवघ्या १७ दिवसांनी तो पुन्हा मंचावर उभा होता, पण गिटारशिवाय, नुसता गात. दोन्ही वेळा त्याच्या वाटची गिटार वाजवली जॉन मार्शलनं. स्वतःची लय दुसऱ्याच्या हातून ऐकत गाणं किती जड गेलं असेल!

आता उजव्या हाताची दुसरी गोष्ट, अगदी हळुवार. हेटफिल्ड फोनवर मैत्रिणीशी बोलत होता. एका हातात रिसीव्हर, मांडीवर गिटार. डावा हात गुंतलेला, म्हणून पडद्यांवर बोट ठेवायचा प्रश्नच नव्हता. उजवा हात आपला मोकळ्या तारा छेडत राहिला. त्यातून निघाली 'नथिंग एल्स मॅटर्स'ची सुरुवात. ते गाणं त्यानं स्वतःपुरतं केलं होतं, बँडसाठी नव्हेच. ड्रमर लार्स उलरिकनं ऐकलं आणि १९९१च्या अल्बममध्ये ते आलं. मेटॅलिकातले सोलो बँडमधला दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट याचे, असा सर्वांचा समज, बहुतेक असतातही. पण या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातला सोलो हेटफिल्डचा आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या मधला तो संथ, हुरहुर लावणारा सोलोही त्याचाच. मला तो कर्कच्या वेगवान सोलोपेक्षा जवळचा वाटतो.

घरात गिटार असेल तर आज रात्री मांडीवर घ्या. डावा हात बाजूला राहू द्या. आधी सर्वांत जाड तार, मग तिसरी, दुसरी, पहिली. परत दुसरी, तिसरी. सावकाश.