स्पंज नव्हे, एकच पेशी

(दृश्य: वेताळ टेकडीवरून दिसणारं पुणं)

पुण्याहून समुद्र गाठायचा, तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. आपल्याला मात्र त्याच्याही खाली जायचंय, पाच हजार मीटर खोल पाण्यात. समुद्रसपाटीपासून मोजलेले जवळजवळ चार सिंहगड एकावर एक रचले, तर एवढी खोली भरेल.

(दृश्य: यांत्रिक पाणबुडीच्या दिव्यात समुद्रतळ)

हा झेनोफायोफोर. तळहाताएवढा दिसतोय, पण आहे एकपेशीय! केंद्रकं अनेक, पेशी एकच. गाळाचे कण, दुसऱ्यांची रिकामी कवचं, स्पंजाचे काटे, जे मिळेल ते चिकटवून तो घर बांधतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी अशा काही जिवांना स्पंजांत, म्हणजे बहुपेशीय प्राण्यांत बसवलं. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? ही घरं इतकी ठिसूळ, की जाळ्यातून वर येईपर्यंत त्यांचा चुरा व्हायचा.

2003 साली सिरिंगामिना कॉर्बिक्युला या झेनोफायोफोर प्रजातीचं रायबोसोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचं जनुक तपासलं गेलं, आणि नातं जुळलं फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांच्या गटाशी. जुनं हवामान आणि खडकांचं वय ताडताना भूवैज्ञानिक ज्यांची कवचं बघतात, तेच हे कुळ.

(दृश्य: प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शकाखाली चिमटा)

खरी कसरत इथे आहे. एवढ्या मोठ्या घरात जिवंत पेशीद्रव्य अगदी थोडं, बारीक धाग्यांसारखं पसरलेलं. बाकी सगळा गाळ आणि विष्ठेचे गोळे. त्यात जिवाणू, किडे, इतर सूक्ष्मजीव राहायला आलेले. सरसकट डीएनए काढला, तर घरमालकापेक्षा भाडेकरूच जास्त सापडायचे! म्हणून धागे एकेक वेचून घेतात आणि फक्त फोरॅमिनिफेराच्या जनुकाला चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे वापरून पीसीआर करतात, म्हणजे तेवढ्याच जनुकाच्या असंख्य प्रती काढतात. हो, करोनाच्या काळात पुण्यात घराघरांत पोचलेला तोच पीसीआर. फक्त तिथे विषाणूच्या आरएनएपासून सुरुवात होती, इथे थेट डीएनए.

हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या समुद्रतळावरून 2020 मध्ये झेनोफायोफोरच्या चार नव्या प्रजाती आणि दोन नव्या जीनस (जवळच्या प्रजातींचे गट) नोंदल्या गेल्या. तिथे धातूंचे गोटे विखुरलेत, म्हणून खाणकामाची नजर आहे. असे गोटे मध्य हिंदी महासागरातही आहेत. तिथलं 75,000 चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकामासाठी भारताकडे आहे.

आधी वस्तीची मोजदाद, मग यंत्रं, एवढं तरी व्हायला हवं. कारण अनेक झेनोफायोफोर या गोट्यांवरच वाढतात, आणि गोट्याला काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात.