वजन उतरतंय, नाडी पळतेय: थायरॉइड वाढलंय का?

(दृश्य : रंकाळ्यावरची सकाळ. फिरून आलेली माणसं कट्ट्यावर बसलेली.)

"लई वाळलासा की! शुगर बघितलीसा का?" कोल्हापुरात वजन उतरलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास होतो. प्रश्न योग्यच आहे. पण शुगर नॉर्मल आली की शोध थांबतो आणि आजार तसाच राहतो. भूक शाबूत आहे, उलट वाढली आहे, चार घास जास्त जातायत आणि तरी कपडे सैल होतायत, तर शुगरबरोबर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करायला हवी. थायरॉइड म्हटलं की अंग सुटणार, ही समजूत ग्रंथी मंदावते तेव्हाची. ती जास्त काम करू लागली की बहुतेकांचं वजन घटतं.

(दृश्य : मानेचं रेखाचित्र.)

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला धरून ही ग्रंथी असते. वजन साधारण २० ग्रॅम. टी-३ आणि टी-४ ही संप्रेरकं ती रक्तात सोडते आणि शरीराचा वेग त्यांवर ठरतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. टी-३, टी-४ जास्त झाली की ती टीएसएच आवरतं घेते. म्हणून थायरॉइड वाढलेलं असताना टीएसएच घटतं. रिपोर्टवर ०.०१ पाहून "थायरॉइड कमी आलंय" असं घरात ठरतं आणि कुणीतरी आपल्याकडची थायरॉक्सिनची गोळी देतं. हे फार धोक्याचं आहे. त्या गोळीत तेच टी-४ असतं, जे आधीच जास्त झालेलं आहे.

(दृश्य : चहाचा कप धरलेला थरथरता हात. नंतर जोतिबाच्या पायऱ्या.)

स्वस्थ बसल्यावरही छाती धडधडते. कपबशी हातात वाजते, सुईत दोरा जात नाही. घरात सगळे पांघरूण घेऊन झोपलेले आणि एकाला पंखा हवा. दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागतं, झोप उडते, चिडचिड वाढते, पाळी कमी किंवा अनियमित होते. मांड्यांतली ताकद जाते. जोतिबाच्या पायऱ्या चढताना किंवा उकिडवं बसून उठताना ते आधी कळतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईच्या या तक्रारी "पाळी जायचं वय आहे" म्हणून बाजूला पडतात, तरुणाच्या "टेन्शन" म्हणून. साठीनंतर तर यातलं बरंच दिसतही नाही. माणूस गप्प होतो, खंगतो, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. अशा ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तपासणी लांबवू नये.

नाडी घरीच मोजता येते. चहा-तंबाखूच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकणारे ठोके हातून निसटतात. सलग तीन सकाळी नाडी ९०च्या वर राहिली किंवा ठोके वेडेवाकडे लागले, तर डॉक्टरांकडे जा.

(दृश्य : लॅबमध्ये रक्त घेताना.)

टीएसएचसाठी उपाशी राहावं लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र लॅबला सांगा आणि किमान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. थायरॉक्सिन चालू असेल तर रक्त देऊन मग गोळी घ्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच मुळातच थोडं खाली जातं, तेव्हा दिवस गेले असतील तर आधी सांगा.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ असतं. ते ०.१च्या खाली आणि फ्री टी-४ किंवा टी-३ वर असेल, तर निदान जवळपास पक्कं. पण लगेच औषध सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते : ग्रंथी जास्त संप्रेरक बनवतेय, की सुजून आतलं साठलेलं बाहेर सांडतंय? ग्रेव्हज आजारात शरीराचीच प्रतिपिंडं ग्रंथीला सतत चेतवतात. ती रक्तात टीआरएबी तपासणीत सापडतात. डोळे पुढे आले असतील तर बहुधा हाच आजार असतो, आणि धूम्रपानानं डोळे आणखी बिघडतात. बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर येणाऱ्या सुजेत मात्र साठा संपला की पातळी आपोआप उतरते. तिथं कार्बिमाझोल देऊन उपयोग नाही, कारण ते नवं संप्रेरक बनणं रोखतं, सांडलेलं परत घेत नाही. शंका राहिली तर टेक्निशियम स्कॅन करतात, म्हणजे थोडं किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथीचं चित्र घेतात. गरोदर बाईचा तो करत नाहीत.

ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोल साधारण १२ ते १८ महिने चालतं. सुरुवातीला दर चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासून डोस बदलतात. बरं वाटू लागल्यावरही टीएसएच काही महिने खालीच राहतं, म्हणून या काळात टी-३, टी-४ बघायची. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर आधी सांगा. मूल हवं असेल तर औषध ठरवतानाच बोला, नंतर नको.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड उठले, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी एकदम पाडतं, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. आणि थायरॉइड वाढलेल्या माणसाला जोराचा ताप, उलट्या, १४०च्या पुढची नाडी आणि असंबद्ध बडबड सुरू झाली, तर लॅबची वाट न बघता १०८ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.