बासरी, ट्रम्पेट आणि ऑर्गन

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला वरात आठवते. जालना असो, बीड असो की लातूर, लग्नसराईत बँडवाल्यांचं ट्रम्पेट दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतं. तसं यावं म्हणून तर त्याचे पैसे मोजलेले असतात! ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकाच्या जुन्या रसिकांना पायानं भाता मारत वाजवायचा तो भारदस्त ऑर्गन आठवतो. आणि बासरी तर आपल्या घरचीच. ही तीन वाद्यं एकत्र, छोट्या दालनात, माइक न लावता वाजवायची म्हणजे काय होत असेल? छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या चर्चमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर अशी मैफल ऐकायला मिळाली. आज तिच्याविषयीच बोलतो.

तिन्ही वाद्यं वाऱ्यावर चालणारी. पाइप ऑर्गनमध्ये नळ्यांच्या ओळीच्या ओळी असतात. वादकाच्या हाताशी असलेल्या खुंट्या ओढल्या, की हव्या त्या ओळीला वारा मिळतो. या खुंट्यांना स्टॉप म्हणतात. गंमत म्हणजे त्यातल्या एका ओळीचं नावच फ्लूट, म्हणजे बासरी, असतं, दुसरीचं ट्रम्पेट. फ्लूटच्या नळीत वारा एका धारेवर आपटून सूर निघतो, तर ट्रम्पेटच्या नळीत पितळेची पातळ जीभ थरथरते. हातात धरून वाजवायच्या ट्रम्पेटात त्या जिभेचं काम वादकाचे ओठ करतात. म्हणजे ऑर्गनवाल्याच्या पोटात बाकीचे दोघे आधीपासूनच बसलेले. फरक एवढाच, की त्या दोघांना श्वास घ्यावा लागतो आणि ऑर्गनला लागत नाही. अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराच्या काळात भाते मारायला वेगळी माणसं ठेवलेली असत. घाम त्यांचा आणि टाळ्या वादकाला.

आता तोल कसा साधायचा? बासरीचे खालचे सूर मुळात हळवे. ट्रम्पेट जरा मोकळं सोडलं, की ते पुसलेच जातात. या मैफलीत ट्रम्पेटवाल्यानं पहिल्या रचनेत वाद्याच्या तोंडात आवाज दाबणारा म्यूट बसवला होता आणि बासरीला वरच्या सप्तकातलं काम दिलं होतं. आपल्या बँडमधल्या कलाकाराला कुणी इतकं हळू वाजवायला सांगितलं, तर तो बहुधा बिदागी परत करील. पण हळू वाजवणं हेच अवघड. ओठ आवळलेले, वारा अगदी बारीक, आणि सूर मात्र हलता कामा नये. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याच्या गळ्याची शीर मला दिसत होती.

जुन्या रचनांमध्ये ट्रम्पेट नेहमी उंचावर का गातं, याचंही कारण आहे. त्या काळच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबून वाऱ्याची वाट बदलायच्या कळा, नव्हते, ती नुसती वळवलेली लांब नळी. अशा नळीतून निसर्गानं दिलेले सूरच निघतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी सा, मग वरचा सा, मग प, पुन्हा सा, मग ग, प, थोडा उतरलेला कोमल नी आणि सा. त्याच्याही वर गेल्यावर कुठे रे, ग असे लागून लागून सूर सापडतात. म्हणून चाल वाजवायची तर वर चढण्यावाचून इलाज नव्हता. 1818 साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, आणि पुढे तीन बोटांच्या दाबण्यावर सगळे सूर हाताशी आले. लग्नाच्या बँडला आज कुठलंही नवं गाणं सहज वाजवता येतं, त्यामागे हीच करामत आहे. ही उंचावरची जुनी कामं आजकाल बहुतेक वादक छोट्या ट्रम्पेटवर करतात. त्याला पिकोलो म्हणतात. नळी साधारण निम्मी आणि सूर एक सप्तक वर.

मला सगळ्यात मजेचा वाटला तो आपल्या उन्हाचा प्रश्न. हवा तापली, की तिच्यातून आवाज जास्त वेगानं जातो. वीस अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर, चाळीस अंशांना सुमारे 355. त्यामुळे नळीचा सूर चढतो. वीस अंशांना लावलेल्या ऑर्गनच्या साध्या नळ्या चाळीस अंशांवर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडं जास्तच वर जातात. त्याच ऑर्गनमधल्या जिभेच्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. म्हणजे एकाच वाद्याच्या घरात भांडण! तापमान न सांभाळलेल्या इमारतीत, मराठवाड्याच्या मे महिन्यात, असा ऑर्गन सुरात ठेवणं ही डोकेदुखीच. या मैफलीतला ऑर्गन इलेक्ट्रॉनिक होता. त्याला ऊन लागत नाही, पण तो कुणासाठी खाली-वरही सरकत नाही. आपण होऊन सरकायचं ते इतर दोघांनीच.

बासरीवालीनं सुरू करण्याआधी आपल्या चांदीच्या रंगाच्या पाश्चात्त्य बासरीचा वरचा तुकडा किंचित बाहेर ओढला. जेमतेम नखाएवढा. नळी लांब झाली, सूर उतरला. ट्रम्पेटवाल्यानंही आपली सरकती नळी तशीच थोडी ओढली. मग ऑर्गनचा एक सूर धरून दोघं बराच वेळ जुळवत बसले. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, ‘अजून सुरू होईना का?’ अहो, सुरू झालं होतं की! आपल्याकडे तबला ठाकून होईस्तोवर आपण थांबतोच ना?

पेटीवाल्यांना ही अडचण नवी नाही. पेटीचे पितळी रीड उन्हानं फारसे हलत नाहीत आणि बांबूच्या बासरीतली हवा तापली की ती चढते, म्हणून बासरीवाले पिशवीत चार-सहा बासऱ्या बाळगतात. जाता जाता सांगतो, याच आकाशवाणीवर 1940 पासून तीस वर्षांहून अधिक काळ हार्मोनियमला बंदी होती. सूर ठरावीक आणि मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात सलग सरकणं, निघत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हता, शिक्षा मात्र जबर होती. त्या दिवशी ऑर्गनच्या ठरावीक सुरांवर बासरी जेव्हा एका सुरातून दुसऱ्यात अलगद उतरली, तेव्हा मला वाटलं, खाली ठाम बसणारं कुणी असलं तर वर फिरणाऱ्याची नजाकत जास्त कळते.

मधल्या विश्रांतीत ट्रम्पेटवाला एक छोटी कळ दाबून नळीतून पाणी झटकत होता. पुढच्या बाकावरची लहान मुलगी आईला म्हणाली, ‘थुंकी!’ थुंकी नाही बरं का. ती बहुतांशी श्वासाची वाफ, थंड धातूला लागून तिचं पाणी झालेलं.

दाद देण्याबद्दलही बोलायला हवं. तीन भागांची रचना असेल तर ती पूर्ण होईपर्यंत टाळी वाजवायची नाही, असा पाश्चात्त्य संगीताचा आजचा रिवाज. पहिला भाग संपल्यावर तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी खणखणीत ‘क्या बात है!’ म्हटलं आणि चार माना वळल्या. मी आजोबांच्या बाजूचा. मोझार्ट या संगीतकारानं 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना पाठवलेल्या पत्रात आपल्या सिंफनीचं, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचं, कौतुक सांगितलंय, की लोकांनी मधेच टाळ्यांचा गजर केला. तो रागावला नव्हता, खूश झाला होता. उलट लोक तिथे टाळ्या देणार हे ओळखूनच त्यानं ती जागा रचली होती. तेव्हा अशी मैफल आपल्या गावी आली तर जरूर जा, ट्रम्पेटच्या अगदी तोंडासमोर बसू नका, आणि मनापासून वाटलं तर दाद द्या. फक्त ट्रम्पेटवाल्याचा लांब सूर संपू द्या. त्याला श्वास घ्यायचा असतो.