दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत नोकरी गेली, तिच्यासोबत विमा गेला आणि त्यातच घरात मोठं आजारपण आलं, की काही कुटुंबांवर वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ येते. त्या वेळी ओळखीच्या डॉक्टरांचं नाव कोर्टाला द्यायच्या देण्यांच्या यादीत घालायला मन धजत नाही. ‘त्यांचे पैसे आपण हळूच देऊन टाकू,’ असं वाटतं. कृपा करून तसं करू नका. ती यादी शपथेवर दिलेली असते, तिच्यात प्रत्येक देणं यायलाच हवं. शिवाय अर्जाआधीच्या ९० दिवसांत जुन्या बिलापोटी एकाच डॉक्टरांना ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले, तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस, ते त्यांच्याकडून परत मागू शकतो. म्हणजे भुर्दंड त्यांनाच. कर्जमुक्ती, म्हणजे जुनी देणी माफ झाल्याचा कोर्टाचा आदेश, मिळाल्यावर मात्र तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत तर कायदा आड येत नाही. त्यांनी मागायचे मात्र नाहीत.

यादी करताना एक शस्त्रक्रिया म्हणजे एक बिल असं धरू नका. हॉस्पिटल, सर्जन, भूलतज्ज्ञ, लॅब, एक्स-रे वाचणारा डॉक्टर, सगळ्यांची बिलं वेगळी येतात. क्रेडिट रिपोर्टवर विसंबू नका, ५०० डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी तिथे दिसत नाही. विमा असतानाच्या काळात विमा कंपनीकडून आलेली हिशेबाची पत्रकं काढून बसा, त्यांत बरीच नावं सापडतात. आई-बाबा भारतातून आले असताना त्यांना दाखल केलं असेल आणि फॉर्मवर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही तुमची असेल, तर ते बिलही बहुधा तुमच्याच खात्यात धरलं जाईल. तेही यादीत घाला.

बघायची ती उपचाराची तारीख, बिलाची नव्हे. १० मार्चला शस्त्रक्रिया झाली, १२ मार्चला अर्ज केला आणि बिल मे महिन्यात आलं, तरी ते देणं अर्जाआधीचंच. रक्कम ठाऊक नसेल तर ‘रक्कम अज्ञात’ लिहा, पण नाव-पत्ता द्या. चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे हप्ते न बांधता जुनी देणी माफ होणाऱ्या दिवाळखोरीत, १२ मार्चनंतरचे उपचार मात्र तुमच्या खिशातून. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर अर्ज कधी करायचा हे वकिलाला आधी विचारा, कारण चॅप्टर ७ ची कर्जमुक्ती ८ वर्षांतून एकदाच मिळते.

आता नकाराबद्दल. खासगी डॉक्टर ‘यापुढे तुम्हाला पेशंट म्हणून घेणार नाही’ असं म्हणू शकतात. ऐकायला फार कठीण जातं, पण कायद्याने त्यांना ती मोकळीक आहे. उपचार अर्धवट असताना मात्र एकदम हात झटकता येत नाहीत. साधारणपणे लेखी सूचना द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची. पण ‘मागची बाकी भरा, मगच तपासू’ ही जुन्या पैशांची वसुली झाली, आणि अर्ज दाखल होताच वसुलीला स्थगिती लागू होते. काउंटरवरच्या मुलीशी वाद घालू नका, तिच्या स्क्रीनवर फक्त थकबाकीचा आकडा असतो. बिलिंग मॅनेजरला बोलवा, कोर्टाच्या नोटिशीची प्रत द्या, त्यावरचा केस नंबर आणि अर्जाची तारीख दाखवा आणि आजचे पैसे आज द्यायची तयारी सांगा. तरीही अडवलं तर नकार लिहून मागा आणि तो कागद वकिलाकडे पाठवा. जाणूनबुजून स्थगिती मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई आणि वकिलाची फी मागता येते.

इमर्जन्सीची गोष्ट वेगळी. १९८६ च्या कायद्याप्रमाणे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला पैशांच्या चौकशीसाठी न थांबवता तपासावंच लागतं आणि जीव धोक्यात असेल तर प्रकृती स्थिरही करावी लागते. बिल येतं, पण दार बंद होत नाही. छातीत दुखत असेल तर दिवाळखोरीच्या लाजेने घरी बसू नका.

तुमचे रिपोर्टही बिल थकलं म्हणून अडवता येत नाहीत. लेखी अर्ज केल्यावर ते ३० दिवसांत मिळायला हवेत, प्रतींचा वाजवी खर्च तेवढा घेतील. ते घेऊन सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रात जा. ऐपत नाही म्हणून तिथे परत पाठवत नाहीत, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर फी त्या मानाने कमी होते. जाताना अलीकडच्या पगाराच्या पावत्या, किंवा बेकारभत्त्याचं पत्र, सोबत ठेवा.