नाकारलेले रेणू

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर सावकाश फिरणारं प्रथिन)

हे आहे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवरचं एक प्रथिन, न्युरामिनिडेज. मधोमध एक खोबण दिसते आहे. पेशीत तयार झालेले नवे विषाणू पेशीपासून सुटतात ते या खोबणीत चालणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. ती बुजवली, तर ते पेशीलाच चिकटून राहतात. संगणकाच्या मदतीने औषध शोधणारा संशोधक अशाच एखाद्या खोबणीपाशी कामाला बसतो: इथे नेमकं काय बसेल?

या प्रथिनाची रचना १९८३ साली ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन यांच्या गटाने उलगडली. पुढे मार्क फॉन इत्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 'ग्रिड' नावाचा प्रोग्राम वापरला. खोबणीत काल्पनिक जाळी पसरायची, तिच्या प्रत्येक बिंदूवर एखादा छोटा रासायनिक गट ठेवायचा आणि तिथे तो किती सुखाने राहील याची ऊर्जा मोजायची. एका कोपऱ्यात गणिताने स्पष्ट कौल दिला: इथे धनप्रभारित गट हवा. कारण समोरच प्रथिनाचा ऋणप्रभार असलेला एक घटक, ग्लुटामिक आम्ल, होता. खोबणीत जेमतेम बसणारा एक रेणू हाताशी होताच, त्याच्यावर त्या जागी ग्वानिडिनो हा धनप्रभारित गट बसवला आणि त्याची पकड हजारो पटींनी वाढली. हेच झानामिविर, फ्लूवरचं औषध. १९९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, १९९९ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

पण त्याची गोळी करता आली नाही. ज्या प्रभारामुळे पकड घट्ट झाली, त्यानेच रेणू इतका जलप्रेमी झाला की आतड्यातून तो रक्तात फारसा उतरतच नाही. म्हणून झानामिविर भुकटीच्या रूपात श्वासावाटे घ्यावं लागतं. प्रोग्रामला खोबण दिसत होती, आतडं दिसत नव्हतं. हे क्षेत्र समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

(दृश्य: खोबणीत एकामागून एक बसवून पाहिले जाणारे रेणू)

या कामाला म्हणतात डॉकिंग. एक रेणू घ्यायचा, असंख्य कोनांतून बसवून पाहायचा, किती नीट बसला याचे गुण द्यायचे, पुढचा घ्यायचा. संगणकाला यात क्षणभर लागतो. आणि हा वेग लागतोच, कारण औषधासारखे किती रेणू शक्य आहेत, याचा नेहमी दिला जाणारा अंदाज १ वर ६० शून्यं इतका आहे.

मात्र ते गुण फार भोळे असतात. शाळेत शिकलेलं कुलूप-किल्लीचं चित्र इथे पुरत नाही, कारण हे कुलूप सतत हलत असतं. शिवाय खोबण कधीच रिकामी नसते, तिच्यात पाणी असतं. काही पाण्याचे रेणू सहज हलतात, त्यांची जागा औषधाने घेतली तर पकड सुधारते. काही मात्र प्रथिनाला इतके जखडलेले असतात की त्यांना उठवण्याची किंमत नव्या बंधांनीही भरून निघत नाही. कोणतं पाणी कुठल्या जातीचं, हे झटपट डॉकिंग सहसा सांगत नाही. त्यासाठी अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन चालवावं लागतं. १९७७ साली प्रथिनाचं असं पहिलं सिम्युलेशन झालं, तेव्हा ते सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या दहापटीइतकंही लांब नव्हतं. आज मायक्रोसेकंदांपर्यंत जाता येतं, पण कोट्यवधी रेणूंसाठी ते परवडत नाही. म्हणून आधी डॉकिंगची चाळणी, मग उरलेल्या मोजक्यांवर मेहनत.

चाळणीतून खाली पडलेल्यांचं काय? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश पकडणाऱ्या डी-४ या प्रथिनावर १३ कोटींहून अधिक रेणू डॉक केले गेले. त्यातले ५४९ प्रत्यक्ष बनवून तपासले. या ५४९ मध्ये केवळ अव्वल गुणांचे नव्हते, मधले आणि वाईट गुणांचेही मुद्दाम घेतलेले होते. गुण घसरत गेले तसं यशाचं, म्हणजे खरोखर चिकटणाऱ्या रेणूंचं, प्रमाणही घसरत गेलं. म्हणजे गुणांना काही अर्थ आहे, हे नाकारलेले रेणू तपासल्यामुळे कळलं. फक्त पहिले पन्नास बनवले असते, तर ते कधीच कळलं नसतं.

(दृश्य: प्रयोगशाळेकडे जाणारी रेणूंची यादी)

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या प्रश्नाला धार आली आहे. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामने प्रथिनांच्या रचना वर्तवणं सोपं केलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामापर्यंत पोहोचलं. पण कोणता रेणू चिकटेल हे शिकायला मॉडेलला न चिकटलेलेही दाखवावे लागतात, आणि तीच नोंद दुर्मीळ आहे. फसलेला रेणू सहसा शोधनिबंधात जात नाही, वहीत राहतो. त्यामुळे मॉडेल यशाच्याच गोष्टी वाचून मोठं होतं.

यादी पाठवताना संशोधकाने दोन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. वाईट गुणांचे काही रेणूही बनवले जावेत. आणि निकाल काहीही लागो, प्रत्येक रेणूची मोजणी, कोणत्या परिस्थितीत केली त्यासह, सर्वांना खुली व्हावी.